कॅडिलॅकची रंगलेलीं तोंडें

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांपैकीं मिशिगन संस्थानाच्या उत्तर भागांत कॅडिलॅक नांवाचें एक लहानसें नगर आहे. लांकडाच्या व्यापारावर तें वाढलें, आणि डेट्रॉइट शहराचा संस्थापक जो फ्रेंच अंमलदार कॅडिलॅक, त्याचें नांव १८७७ सालीं त्यास देण्यांत आलें. त्याच नांवाच्या मोटारीमुळें हा शब्द आमच्या वाचकांच्या कानांवरून गेला असेल. नगर मात्र बहुधा अपरिचित असावें. १९७५ सालीं तेथील लोकवस्ती सुमारें १०,००० होती. त्या वर्षींच्या ऑक्टोबरच्या ९ व्या तारखेस 'किस' नांवाच्या वाद्यवृंदानें तेथील हायस्कुलाच्या व्यायामशाळेंत आपला जलसा केला, आणि दुसरे दिवशीं सकाळीं गांवचे प्रतिष्ठित गृहस्थ त्या वादकांसारखींच तोंडें रंगवून त्यांच्या पंक्तीस न्याहारीला बसले. हा प्रसंग बहुधा विनोद म्हणून सांगितला जातो. आम्हांस तो तेवढाच वाटत नाहीं.

'किस'ची स्थापना न्यूयॉर्कमध्यें १९७३ सालीं झाली. हार्ड रॉक म्हणजे विजेच्या गिटारींचा कानठळ्या बसविणारा प्रकार. त्यास या चौघांनीं सोंगांची जोड दिली. पॉल स्टॅन्ली डोळ्यावर काळी चांदणी काढी, एस फ्रेली अंतराळांतून आलेला पुरुष होई, पीटर क्रिस मांजर, आणि जीन सिमन्स राक्षस. हा राक्षस रंगमंचावर तोंडांतून ज्वाला काढीत असे व लाल रक्त ओकीत असे. भोंवतीं धूर आणि स्फोट असतच. यांत संगीतापेक्षां नाटक अधिक, असें कोणी म्हटलें तर आम्ही वाद घालणार नाहीं. हेच सिमन्स पूर्वीं कांहीं काळ न्यूयॉर्कमधील एका शाळेंत सहाव्या इयत्तेस शिकवीत होते, ही गोष्ट आमच्या व्यवसायबंधूंस सुखावेल कीं दुखावेल, कोण जाणे!

जलशांस गर्दी होई, पण ध्वनिमुद्रिका खपत नसत. त्यांच्या पहिल्या तीन संग्रहांची स्थिति बेताचीच राहिली. तेव्हां जलशांतील गाणींच मुद्रित करून 'अलाइव्ह!' हा संग्रह १९७५ च्या सप्टेंबरांत काढण्यांत आला, आणि त्यानें त्यांचें दैव उघडलें. त्यासाठीं ध्वनिमुद्रण कोठें झालें, तें पाहण्यासारखें आहे. डेट्रॉइट व क्लीव्हलंड हीं मोठीं शहरें त्यांत आहेत, तशींच आयोवांतील डॅव्हनपोर्ट आणि न्यू जर्सीच्या किनाऱ्यावरील वाइल्डवुड हीं त्यांहून लहान ठिकाणेंही आहेत. राजधान्यांतील टीकाकार नाकें मुरडीत असतां हा खेळ बराचसा अशा आडगांवच्या प्रेक्षकांनीं उचलून धरला होता.

कॅडिलॅकशीं त्याचा संबंध जडला तो फुटबॉलमुळें. १९७४ च्या हंगामांत हायस्कुलाच्या संघानें पहिले दोन सामने गमावले. सहायक शिक्षक जिम नेफ हे इंग्रजी शिकवीत आणि त्यांस रॉक संगीताचा नाद होता. मुलांच्या मनावरील ताण जावा म्हणून ते कपडे बदलण्याच्या खोलींत 'किस'चीं गाणीं लावूं लागले. 'कीप इट सिंपल, स्टुपिड', म्हणजे 'बाबा रे, साधेंच खेळ', या उपदेशाचीं आद्याक्षरें त्याच नांवाचीं होतात, हा योगही जुळला. पुढील सातही सामने संघानें जिंकले. गाण्यानें सामने जिंकले जातात असें आम्ही म्हणत नाहीं. भ्यालेल्या मुलांस आपल्या आवडीचें कांहीं वडील माणसानें ऐकूं दिलें, एवढें खरें. नेफ यांनीं हें वृत्त वादकांच्या मंडळीस कळविलें, आणि पुढल्या वर्षीं ते चौघे खरोखरच आले.

मोठमोठ्या सभागृहांसाठीं रचलेला खेळ शाळेच्या छपराखालीं झाला. मिरवणूक निघाली. पोरांनीं तोंडें रंगविलीं यांत नवल नाहीं. वडिलांनीं रंगविलीं, तें कां?

त्याच वर्षींच्या एप्रिलांत सायगांव पडून व्हिएतनामचें युद्ध संपलें होतें. त्या युद्धापायीं, मुलांच्या लांब केसांपायीं आणि त्यांच्या कर्कश संगीतापायीं त्या देशांत घरोघर बापलेकांत अबोला धरला गेला होता. हे चार सोंगाडे तर आईबापांस भिवविण्यावरच पोट भरणारे. त्यांस दारांतून हांकलून देण्यास कॅडिलॅकच्या वडीलधाऱ्यांस सबबी पुष्कळ सांपडल्या असत्या. त्यांनीं तसें न करतां आपल्या मुलांपुढें स्वतःचें हंसें करून घेतलें. प्रतिष्ठित माणसास याहून कठीण गोष्ट क्वचितच असेल. वादकांचा यांत स्वार्थ होता, हें उघड आहे. छायाचित्रें निघालीं, नांव गाजलें, आणि नवा संग्रह तर नुकताच बाजारांत आला होता. परंतु जाहिरात त्यांची असली तरी धाडस गांवाचें होतें. वादकांनीं आपले खरे चेहरे लोकांस दाखविले ते पुढें १९८३ सालीं. म्हणजे त्या न्याहारीच्या वेळीं गांवकऱ्यांनीं पाहुण्यांचें तोंड पाहिलेंच नाहीं.

न्याहारीनंतर फुटबॉलच्या मैदानावरून हेलिकॉप्टर उडालें आणि पाहुणे निघून गेले. 'किस'च्या निरोपाच्या दौऱ्यांतील शेवटचा जलसा न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्यें २ डिसेंबर २०२३ रोजीं झाला. कॅडिलॅकनें त्या दोन दिवसांचें स्मारक त्यापूर्वींच, २०१५ सालीं, उभारलें होतें.