औक्षणापासून स्लीपओव्हरपर्यंत

स्मरणिका समितीने मला ‘सोसायटीचा इतिहास’ लिहायला सांगितले. नोंदणी, कन्व्हेयन्स, पाण्याची टाकी, लिफ्टची भानगड हे सगळं सेक्रेटरींच्या लेखात येणारच आहे, आणि ते त्यांनीच लिहावं, कारण फायली त्यांच्या कपाटात आहेत. मी मात्र विषय घेतला आहे लहान मुलांच्या वाढदिवसांचा. हसू नका. २००० साली आपण इथे डोंबिवलीत राहायला आलो, तेव्हापासून इमारतीत काय काय बदललं ते मला जमाखर्चापेक्षा वाढदिवसांत जास्त स्वच्छ दिसतं.

थोडं मागे जायला हवं. माझा जन्म १९५१ चा. आमच्या लहानपणी वाढदिवस तिथीने व्हायचा. आई पंचांग बघून सांगायची, ‘उद्या तुझी तिथी.’ सकाळी तेल लावून आंघोळ, पाटावर बसवून औक्षण, देवाला आणि थोरांना नमस्कार. मग तीळ-गूळ घातलेलं दूध प्यायचं आणि सात चिरंजीवांचं स्मरण करायचं: अश्वत्थामा, बळी, व्यास, हनुमान, बिभीषण, कृप, परशुराम. त्यांच्या जोडीला आठवा मार्कंडेय. आयुष्य त्यांच्यासारखं लांब व्हावं, हा हेतू. ज्या काळात घरोघरी एखादं तरी मूल दगावलेलं असे, त्या काळात ही मागणी किती मनापासून असेल ते आज कळतं. जेवणात एक गोड पदार्थ झाला की वाढदिवस संपला. बाहेरचं कोणी नाही, भेट नाही. आणि खरं लिहायचं तर हेसुद्धा मुलग्यांचंच. माझ्या दोन्ही बहिणींची तिथी आईला पाठ होती, पण त्यांच्यासाठी पाट मांडलेला मला आठवत नाही.

तारखेला तर किंमतच नव्हती. शाळेत नाव घालताना गुरुजींनी माझी जन्मतारीख १ जून लावून टाकली. तेव्हाच्या हजारो मुलांची तीच होती, कारण शाळा जूनमध्ये सुरू व्हायच्या आणि वय हिशेबात बसवायचं असायचं. जन्म-मृत्यू नोंदणीचा देशभरासाठी एकच कायदा झाला तो १९६९ मध्ये. १ तारखेला जन्मलेला माणूस आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्त होतो, त्यामुळे आमच्या बँकेत ३१ मेला निरोप समारंभांची जत्रा असायची. शाली आणि नारळ घाऊकच आणावे लागत. तिथी की तारीख, हा वाद आपल्याकडे शिवजयंतीलासुद्धा चुकलेला नाही, मग आपली काय कथा!

केक आणि मेणबत्त्या ही मूळ जर्मन पद्धत. तिकडे अठराव्या शतकापासून मुलांच्या वाढदिवसाला केकवर मेणबत्त्या लावत असल्याच्या नोंदी आहेत. आपण सगळे टाळ्या वाजवत जे इंग्रजी गाणं म्हणतो, त्याची चाल अमेरिकेतल्या केंटकी राज्यातल्या लुईव्हिल गावच्या पॅटी आणि मिल्ड्रेड हिल या दोन बहिणींची. १८९३ साली ती छापली गेली, पण वाढदिवसासाठी नव्हे. बालवाडीत सकाळी नमस्कार करण्यासाठी ते गाणं होतं. वाढदिवसाचे शब्द त्या चालीला नंतर चिकटले. पुढे एका कंपनीने त्या गाण्याच्या हक्कापोटी वर्षानुवर्षं पैसे घेतले, आणि २०१५ मध्ये अमेरिकेतल्या न्यायालयाने तो हक्क ग्राह्य नाही असा निकाल दिला. बँकवाल्याला अशा गोष्टीत रस वाटणारच.

आपल्या मध्यमवर्गीय घरांत केक आला तो बराच उशिरा, माझ्या मुलांच्या लहानपणी, म्हणजे ऐंशीच्या दशकात. तोही कुकरमध्ये वाळू घालून केलेला रव्याचा. सोबत बटाट्याचे वेफर्स, सामोसा आणि रसना. घरातल्या म्हाताऱ्या माणसांचा केकला विरोध नव्हता, त्यांचा आक्षेप होता मेणबत्ती फुंकण्याला. ‘वाढदिवसाच्या दिवशी दिवा लावायचा की विझवायचा?’ माझ्या आईचा हा प्रश्न होता, आणि त्याचं उत्तर मला अजून सापडलेलं नाही. मग तडजोड ठरली, आधी औक्षण, मग केक. आजही आपल्या बहुतेक घरांत हाच क्रम आहे.

आता आपल्या इमारतीकडे येतो. इथला पहिला स्लीपओव्हर कोणी ठरवून केलेला नाही. तो झाला मंगळवार, २६ जुलै २००५ रोजी. त्या दिवशी ब विंगमधली एक मुलगी पाच वर्षांची होणार होती. संध्याकाळी पाचला इमारतीतली अकरा मुलं तिच्याकडे जमली. तिची आई घरी होती. वडील मुंबईहून येताना केक आणणार होते. मी फोर्टमधल्या शाखेत होतो, त्यामुळे इथलं जे लिहितो आहे ते आमच्या सौ. आणि त्या मुलीच्या आईकडून ऐकलेलं. त्या दिवशी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि कुलाब्याला फक्त ७३. आम्ही फोर्टमध्ये खिडकीतून बघून म्हणत होतो, एवढं काय घाबरायचं? मग लोकल बंद पडल्या आणि रात्र शाखेतल्या टेबलांवर गेली.

इकडे वीज गेली, फोन लागेनात. केक येणार नाही हे सात वाजता नक्की झालं. आमच्या सौ.नी गॅसवर शिरा केला, ताटात थापून गोल केला आणि वर बदाम लावून पाचाचा आकडा काढला. एक मेणबत्ती मधोमध लावली. पण ती कोणाला फुंकू दिली नाही, कारण घरात उजेडाला तेवढ्या तीनच मेणबत्त्या होत्या. माझी आई तेव्हा असती तर खूश झाली असती.

नऊ वाजले तरी अकरापैकी सहा मुलांच्या घरी कोणीच पोचलं नव्हतं. आई-वडील दोघंही मुंबईत नोकरीला, मुलं दिवसभर पाळणाघरात, अशी ती घरं. सौ.नी आमच्या आणि शेजारच्या घरातून सतरंज्या, चादरी, जुन्या साड्यांच्या गोधड्या नेल्या आणि हॉलमध्ये एकच लांब अंथरूण घातलं. सगळ्यात लहान मुलगा तीन वर्षांचा होता. तो रडायला लागला की बाकीची मुलंही रडायला लागत. पहिल्या मजल्यावरच्या आजींनी मग अंधारात गोष्ट सुरू केली, ती साडेअकरापर्यंत पुरवली. त्या मुलाची आई पहाटे चारला आली, रुळांवरून आणि कमरेएवढ्या पाण्यातून चालत. मूल झोपलेलं बघून ती तशीच ओल्या कपड्यांनी दाराशी बसून राहिली. तिने त्याला उठवलं नाही. मी २८ तारखेला दुपारी पोचलो तेव्हा अंथरुणं उन्हाअभावी जिन्यात वाळत होती.

त्या सहांतला एक मुलगा ज्या घरचा होता, त्या घराचं आणि वाढदिवसाच्या घराचं पार्किंगवरून बोलणं बंद होतं. त्या रात्रीनंतर ते गोड झाले, असं लिहायला मला आवडलं असतं. पार्किंगचा वाद २००९ पर्यंत चालला. मुलं मात्र एकमेकांकडे जात राहिली.

‘स्लीपओव्हर’ हा शब्द इमारतीत आला दहा-बारा वर्षांपूर्वी, मुलांच्या शाळांमधून. आम्हाला आधी गंमत वाटली. मे महिन्यात मामाकडे गच्चीवर वीस-वीस भावंडं ओळीने झोपायची, त्याला कोणी नाव दिलं नव्हतं. पण फरक आहे, तो मान्य करायला हवा. ती सगळी नात्यातली होती. इथे आपण शेजाऱ्याच्या हाती रात्रभर मूल देतो. २०१२ मध्ये मुलांच्या लैंगिक शोषणाविरुद्ध पॉक्सो कायदा झाला, वर्तमानपत्रांत रोज काहीबाही येतं. एखाद्या आईने ‘आमची राहणार नाही, जेवून येईल’ म्हटलं, तर तिला आग्रह करू नये आणि कारणही विचारू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. आपल्या कट्ट्यावर यावरून टोमणे झालेले मी ऐकले आहेत. ते बरे नव्हेत.

मधल्या २०२० च्या वाढदिवसांबद्दल काय लिहायचं? मुलं गॅलरीत उभी राहायची आणि समोरच्या विंगमधून टाळ्या यायच्या.

गेल्या डिसेंबरात आमच्या नातीचा सातवा वाढदिवस झाला. तिला स्लीपओव्हरच हवा होता. सूनबाईंनी फक्त पाच मुलं बोलावली, कारण सातव्या वर्षी त्याहून जास्त सांभाळणं दोन माणसांना झेपत नाही. प्रत्येकीच्या आईला तिने आधी एकटीला फोन केला. मूल काय खात नाही, केकमध्ये अंडं चालतं का, रात्री दिवा लागतो का, कोणाला अंथरूण ओलं होण्याची सवय आहे का. एकाला होती. तिने सगळ्याच गाद्यांखाली मेणकापड घातलं, म्हणजे कोणा एकाचं वेगळं दिसायला नको. घरातले पुरुष, म्हणजे मी आणि मुलगा, आतल्या खोलीत. हॉलमध्ये मुलांबरोबर सूनबाई आणि आमच्या सौ. हेही तिने सगळ्यांना आधीच सांगितलं होतं. पावभाजी साडेसातला, गाणी दहाला बंद, मग दिवे घालवून बॅटरीच्या उजेडात भिंतीवर हातांच्या सावल्यांचे हरीण-कुत्रे. सौ.नी गोष्ट सांगितली. औक्षण झालंच, केकही झाला. मेणबत्ती नातीने फुंकली, आणि नंतर सौ.नी देवापुढची समई रात्रभर तेवत ठेवली.

साडेबाराला तिसऱ्या मजल्यावरच्या एका मुलीला घरची आठवण आली. समजूत घालण्यात वेळ न दवडता सूनबाईंनी तिच्या आईला फोन केला, मी लिफ्टने उशीसकट तिला पोचवून आलो. सकाळी साडेसहाला बेल वाजली. दारात तीच, हातात दात घासायचा ब्रश. पोहे झाले का, एवढंच तिने विचारलं.