वनौषधींचे अर्क आणि फ्लूचा विषाणू : परीक्षा कशी होते?

ऑगस्ट २००९ मध्ये स्वाइन फ्लूने देशातील पहिला बळी पुण्यात घेतला. त्यानंतर तुळशीचा काढा, लसूण, कापूर-वेलदोड्यांच्या पुरचुंड्या अशा उपायांकडे लोकांचा ओढा वाढला. एखादी वनस्पती फ्लूच्या विषाणूला खरोखर रोखते काय, हे प्रयोगशाळेत तपासता येते.

मुंबईत परळ येथील हाफकिन संस्थेच्या संशोधकांनी लसूण आणि लाल चित्रक यांच्या अर्कांची अशी परीक्षा केली. तिचे निष्कर्ष २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यासाठी २००९ च्या साथीतील एच१एन१ विषाणू वापरण्यात आला.

पहिला टप्पा विषारीपणाचा असतो. श्वानाच्या मूत्रपिंडापासून वाढविलेल्या पेशींना अर्काच्या वेगवेगळ्या मात्रा देऊन निम्म्या पेशी कोणत्या मात्रेला मरतात, हे पाहतात. पेशीच मेल्या तर विषाणूही वाढत नाही; परंतु तो औषधाचा गुण नव्हे. दुसऱ्या टप्प्यात अर्क एकदा विषाणूबरोबरच, तर एकदा संसर्गानंतर देतात. फ्लूचा विषाणू तांबड्या रक्तपेशींना एकमेकींशी चिकटवतो. हे चिकटणे किती घटले, यावरून अर्काचा प्रभाव मोजतात.

लसणाच्या मिथेनॉल व इथेनॉलमधील अर्कांनी विषाणूला रोखण्याचा चांगला प्रभाव दाखविला. लाल चित्रकाच्या अर्कांचीही दोन्ही पद्धतींनी परीक्षा झाली.

तथापि, निम्म्या पेशी मारणारी मात्रा दोन्ही वनस्पतींबाबत २० मिलिग्रॅमच्या आत होती. गुणकारी आणि घातक मात्रांमधील अंतर जितके अधिक, तितका अर्क आशादायक. शिवाय चित्रकाचे मूळ दाहक असून गर्भवतींसाठी धोक्याचे आहे. आयुर्वेदातही ते चुन्याच्या निवळीत शोधन करूनच वापरतात. म्हणून ते घरी उगाळून घेणे अयोग्य होय. पेशींनंतर प्राण्यांवर व अखेरीस माणसांवर चाचण्या झाल्यावरच अर्काला औषध म्हणता येते.

वनस्पतीपासून औषधापर्यंतचा मार्ग वेगळाही असू शकतो. फ्लूवरील ओसेल्टामिविर हे औषध चक्रीफुलातील शिकिमिक आम्लापासून तयार करता येते. परंतु त्यासाठी त्या आम्लावर अनेक रासायनिक प्रक्रिया कराव्या लागतात. चक्रीफुलाचा काढा हा त्या औषधाला पर्याय नव्हे. या आम्लाचे अन्य स्रोत शोधण्यासाठी बंगळूरच्या संशोधकांनी पश्चिम घाटातील वनस्पती तपासल्या आणि २००९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. उंडीच्या कुळातील एका वृक्षात ते भरपूर आढळले.

ओसेल्टामिविर लक्षणे दिसल्यापासून ४८ तासांत सुरू केल्यास अधिक गुणकारी ठरते. त्यामुळे गर्भवती, वृद्ध, लहान मुले व जुनाट आजार असलेल्यांनी काढ्यावर विसंबून हा अवधी दवडू नये. वेळीच डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.