शाळांनी टिपलेला वसंत

विद्यार्थ्यांना पक्ष्यांच्या आगमनाच्या आणि फुलांच्या बहराच्या तारखा लिहायला लावणे हा निसर्गाची गोडी लावण्याचा बरा मार्ग आहे, पण त्या तारखांना शास्त्रात किंमत नाही, असे पुष्कळांचे मत असते. ऋतुनोंदींच्या इतिहासाला ते मान्य नाही. इंग्लंडच्या नॉरफॉक परगण्यात रॉबर्ट मार्शम या जमीनदाराने 1736 पासून आपल्या मळ्यातल्या वसंताच्या खुणा लिहायला सुरुवात केली आणि त्याच्या वंशजांनी हे काम 1958 पर्यंत चालवले. दोन शतकांहून मोठ्या या वहीत वसंत कधी लवकर आला आणि कधी उशिरा, हे सापडते, परंतु तो कुठून कुठे सरकला हे सापडत नाही. एका जागी उभ्या माणसाला पक्षी आलेला दिसतो किंवा गेलेला दिसतो, त्याचा प्रवास दिसत नाही. त्यासाठी शेकडो ठिकाणी, त्याच दिवसांत, एकाच पद्धतीने लिहिणारी माणसे लागतात. अमेरिकेत 1880 च्या दशकात दीपगृहांच्या रखवालदारांकडून पक्ष्यांची माहिती मागवली गेली ती याच गरजेपोटी. पण दीपगृहे पाण्याच्या काठाला. आतल्या मुलखात वस्तीवस्तीवर पोहोचलेली, वर्षानुवर्षे टिकणारी आणि वरून आलेला कागद भरून परत पाठवण्याची सवय असलेली संस्था म्हणजे शाळा.

हे नेमके ओळखले ते कॅनडातील नोव्हा स्कॉशिया प्रांताचे शिक्षण अधीक्षक अलेक्झांडर मॅके यांनी. एकोणिसावे शतक संपता संपता त्यांनी प्रांतभरच्या शाळांना ऋतुनोंदींचे छापील तक्ते पाठवायला सुरुवात केली. मुलांनी शाळेच्या वाटेवर जे दिसेल ते सांगायचे, शिक्षकाने खात्री करून तारीख लिहायची आणि वर्षअखेर तक्ता वर पाठवायचा. त्या यादीत काय नव्हते? मेफ्लॉवरचे पहिले फूल, बेडकांचा पहिला आवाज, रानहंसांचे थवे, नद्यांवरचा बर्फ फुटण्याचा दिवस, जमीन पांढरी करणारा शेवटचा हिमवर्षाव, एवढेच नव्हे तर पहिली नांगरणी आणि बटाट्याची लागवडही. शेतकऱ्याचे काम हीसुद्धा ऋतूचीच खूण, हे मॅके यांनी धरले, ही गोष्ट मला त्यांच्या शास्त्राइतकीच मोलाची वाटते. शेकडो शाळांचे हे काम 1923 पर्यंत चालले. तक्त्यांच्या बांधलेल्या वह्या पुढे प्रांताच्या संग्रहालयात राहिल्या आणि हवामान बदलाचा प्रश्न ऐरणीवर आल्यावर संशोधकांनी त्या पुन्हा उघडल्या. शंभर वर्षांपूर्वी तिथे कोणते फूल कधी उमलत असे, याचा दाखला शाळकरी पोरांनी ठेवला होता.

मुले चुकतात हा आक्षेप खरा आहे. एखाद्याला रॉबिन दिसतो तो दुसराच कोणी निघतो, आणि सगळ्यांच्या आधी आपल्याला दिसला म्हणण्याचा मोह तर कोणाला नसतो? पण एका शाळेची चूक शेजारच्या दहा शाळांच्या तारखांपुढे उघडी पडते, एकट्या निरीक्षकाची चूक मात्र तशीच राहून जाते. याहून गंभीर दोष वेगळा आहे आणि त्याची चर्चा कमी होते. पाहणारे वाढले की पहिल्या दर्शनाची तारीख आपोआप अलीकडे सरकते, निसर्गात काहीही बदललेले नसले तरी. मॅके यांच्या तक्त्यात यावर अर्धा उपाय होता. प्रत्येक खुणेपुढे दोन रकाने होते: पहिल्यांदा दिसले ती तारीख आणि सर्रास दिसू लागले ती तारीख. दुसरी तारीख एखाद्या तीक्ष्ण डोळ्याच्या मुलावर अवलंबून नसते. शिवाय किनारा, आतला सखल भाग आणि उंच भाग असे पट्टे पाडून सरासरी काढली जाई.

या पद्धतीचा पल्ला किती लांब जाऊ शकतो हे मोनार्क फुलपाखरांनी दाखवले. टोरांटोचे प्राणिशास्त्रज्ञ फ्रेड अर्कहार्ट यांनी 1950 च्या दशकापासून हौशी स्वयंसेवकांकरवी फुलपाखरांच्या पंखांवर चिठ्ठ्या लावून घेतल्या. 1975 च्या जानेवारीत त्यांचे सहकारी केन ब्रुगर आणि कॅटालिना अग्वादो मेक्सिकोच्या डोंगरांतल्या हिवाळी मुक्कामापर्यंत पोहोचले. पुढच्या वर्षी अर्कहार्ट स्वतः तिथे गेले, तेव्हा त्यांना चिठ्ठी लावलेले एक फुलपाखरू सापडले. ती चिठ्ठी 1975 च्या ऑगस्टमध्ये मिनेसोटातील चास्का गावी एका शिक्षकाने आणि त्याच्या दोन विद्यार्थ्यांनी लावली होती, तिथून 2,500 किलोमीटरहून दूर. मेक्सिकोतल्या गावकऱ्यांना ही फुलपाखरे पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होती, मग शोध कसला, असे विचारले जाते आणि ते विचारणे रास्त आहे. फुलपाखरे अर्कहार्ट यांनी शोधली नाहीत. मेक्सिकोच्या डोंगरातली माहिती आणि मिनेसोटाच्या माळावरची माहिती यांची गाठ तेवढी मारली. 1994 मध्ये सुरू झालेल्या ‘जर्नी नॉर्थ’ या उपक्रमाने हेच काम दर वसंतात करायला घेतले. शाळा आणि नागरिक पहिले मोनार्क, पहिले हमिंगबर्ड, रुईच्या कुळातल्या मिल्कवीडचा पहिला कोंब कळवतात आणि नकाशावर ठिपके उत्तरेकडे चढत जातात. मोनार्कच्या वसंतातल्या वाटचालीचा वेग या नोंदींवरून काढलेले शोधनिबंध प्रसिद्ध झाले आहेत.

आता रडार आणि उपग्रह असताना पोरांची गरज काय, हा शेवटचा प्रश्न. मेक्सिकोत मोनार्कची गणना त्यांनी व्यापलेल्या जंगलाच्या क्षेत्रफळावरून होते: 1996-97 च्या हिवाळ्यात 18 हेक्टरांवर, 2013-14 मध्ये 0.67 हेक्टर. ही घट नेमकी कोणत्या टप्प्यावर होते हे हिवाळ्यातला आकडा सांगत नाही आणि परसातल्या मिल्कवीडवरचे एकटे फुलपाखरू उपग्रहाला दिसत नाही. आपल्याकडे केरळमधल्या शाळा ‘सीझनवॉच’ या उपक्रमात झाडांच्या अशा नोंदी करतात. महाराष्ट्रात जिल्हा परिषदेच्या शाळा गावोगावी आहेत, अडचण उन्हाळी सुट्टीची आहे. पळस फुलतो तेव्हा शाळा भरलेल्या असतात, पावशा ओरडू लागतो तेव्हा बंद. सुट्टीतल्या नोंदी घरून कराव्या लागतील, आणि हे काम हाती घेणाऱ्या शाळेने मॅके यांचे ते दोन रकाने पहिल्या वर्षापासूनच आखून घ्यावेत.