पायाखालचा ब्रेक

जुनी बुलेट चालवणारा दुसऱ्या मोटारसायकलवर बसला, की ब्रेकऐवजी गिअरवर पाय द्यायचा. बुलेटचा गिअर उजव्या पायाला, ब्रेक डाव्या. ब्रिटिश गाड्यांची ती रीतच होती. अमेरिकेने १९७४ पासून उलटा नियम लागू केला आणि ट्रायम्फ, नॉर्टनवाल्यांना बाजू बदलाव्या लागल्या. आपल्या बुलेटने मात्र जुनी रीत या शतकापर्यंत सांभाळली.

बाजू कायद्याने ठरली. उंची ज्याची त्याने ठरवायची. १९८० मध्ये बीएमडब्ल्यूची आर ८० जी/एस आली. पुढच्याच वर्षी ह्युबर्ट ऑरिओलने तिच्यावर पॅरिस-डाकार जिंकली आणि असल्या वजनदार गाड्या आडवाटेला लागल्या. आडवाटेवर स्वार फूटरेस्टवर उभा राहून गुडघ्यांत दणके झेलतो. बसून दाबायचे ब्रेकचे पेडल तेव्हा फार खाली राहते. ऐन उतारावर ते शोधायला पाय सरकवला, की तोल गेलाच! म्हणून पेडल वर घ्यायचे. गिअरही जाड बूट खाली शिरेल इतका वर, टोक मात्र दगडावर आपटले तर दुमडणारे. पण मग डांबरी रस्त्यावर बसून जाताना तोच ब्रेक नकळत दाबला जाऊन तापतो. बीएमडब्ल्यूने पुढे आर १२०० जीएस अ‍ॅडव्हेंचरच्या पेडलवर उलटता येणारा तुकडा बसवला: उभ्याने चालवताना वर, बसून चालवताना खाली.