हृदयाच्या पुनर्रचनेची रक्तगत साक्ष

हृद्रोहिणी बंद पडून हृत्स्नायूचा काही भाग मृत झाला की ट्रान्सअॅमिनेज हे एंझाइम रक्तात वाढते, असे १९५४ साली न्यूयॉर्क येथे कारमेन, रोब्लेव्स्की व लाड्यू यांनी दाखविले. ही साक्ष पेशींच्या मृत्यूची होती. उरलेले हृदय पुढे फैलावते, त्यात व्रणतंतू साचतात. या पुनर्रचनेविषयी मात्र ती मूक होती.

१९८१ साली कॅनडात डी बोल्ड यांनी उंदरांच्या अलिंदांचा अर्क टोचला असता मूत्र व सोडियम यांचे उत्सर्जन वाढले. हृदय हे स्रावी इंद्रियही ठरले. १९८८ मध्ये जपानी संशोधकांना डुकराच्या मेंदूत याच जातीचे दुसरे पेप्टाइड आढळले व ते 'मेंदूजन्य' म्हणविले गेले. वस्तुतः त्याचा मुख्य उगम निलयांत असून भित्तींवरील ताणाने ते वाढते. उगम चुकीचा ठरला, नाव टिकले.

२००० साली झानाड व त्यांचे सहकारी यांनी तीव्र हृद्दौर्बल्याच्या रुग्णांत तिसऱ्या प्रकारच्या प्रोकोलॅजेनचा रक्तातील अंश तपासला. तो अधिक असता परिणाम वाईट होई; स्पायरोनोलॅक्टोनने तो उतरे. तथापि कोलॅजेन यकृतातही घडते. सारांश, मृत्यू, ताण व व्रण यांच्या साक्षी भिन्न होत. एकीवरून दुसरीचा निर्णय करणे सयुक्तिक नव्हे.