काल्यातील रंग आणि क्रम

दशावतारी काल्याला लिहिलेली संहिता नसते, हे ऐकून शहरातील नाट्यरसिक चकित होतो. दहा-बारा नट, रात्रभराचा खेळ, आणि कोणाच्या हाती कागद नाही! मग इतक्या जणांनी मिळून करावयाचा हा खेळ उभा राहतो कशाच्या आधारावर? त्याचे उत्तर रंगपटात शोधले पाहिजे.

पेडणे महाल १७८८ पर्यंत सावंतवाडीकर भोसल्यांकडे होता. पुढे तेथे पोर्तुगीज अंमल आला. जत्रांची नाती मात्र तुटली नाहीत. कार्तिकानंतर वालावलकर, मोचेमाडकर, पार्सेकर अशा मंडळ्यांचा हंगाम सुरू होतो. देवळाच्या एखाद्या कोपऱ्यात पेटारे उघडतात आणि जो तो आरसा पुढे घेऊन आपला चेहरा आपणच रंगवू लागतो. त्या रात्रीचे आख्यान कोणते, कोणाकडे कोणते पात्र, हे मंडळीचा चालक सांगतो. संवाद ज्याचे त्याने, ऐन वेळी बोलावयाचे.

अशा खेळात रंग हीच संहिता होते. लाल चेहरा, जाड काळ्या भिवया, आकडेबाज मिशा दिसल्या की राक्षस आला. निळसर छटा दिसली की विष्णू किंवा कृष्ण. समोरचा काय बोलणार हे नटाला ठाऊक नसते, पण तो कोण आहे हे क्षणात कळते. मशालीच्या उजेडात दूर बसलेल्या प्रेक्षकालाही तेवढेच कळणे आवश्यक होते. म्हणून रंग भडक.

आता क्रम पाहा. आख्यानापूर्वी ‘आड दशावतार’ होतो: गणपती, ऋद्धि-सिद्धी, सरस्वती, भटजी आणि मग वेद चोरणारा संकासुर. नाव दशावतार, पण येथे दिसतो तो मत्स्यावताराचा प्रसंग. बाकीचे अवतार जवळजवळ नाहीतच. हे पुष्कळांना कंटाळवाणे वाटते आणि अलीकडे ते आटोपते घेण्याकडे कल आहे. परंतु गणपतीला मुखवटा असतो. संकासुराच्या तोंडावर पांढऱ्या डोळ्यांची, लांब लाल जिभेची काळी टोपडी असते. दोघांनाही चेहरा रंगविण्याची गरज नाही. संकासुर बोलीभाषेत भटजीची थट्टा करीत लोकांना हसवतो, तेवढ्या अवधीत आत राजे आणि राक्षस तयार होतात, आख्यानाची जुळणी पक्की होते. ही सोय कोणी मुद्दाम योजली असो वा नसो, पूर्वरंग कापला की ती जाते.

फोंड्यात मात्र दुसरीच तऱ्हा. १५६० साली कुशस्थळीचा मंगेश प्रियोळास आला, त्याच शतकात वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळास, केळोशीची शांतादुर्गा कवळ्यास. या देवळांच्या उत्सवांत गावकरी छापील मराठी नाटक बसवतात. दुकानदार, शेतकरी, मास्तर आठवडेच्या आठवडे तालमी करतात. पोशाख भाड्याच्या ड्रेपरीचा, आणि सर्वांचे चेहरे एकच रंगभूषाकार रंगवतो. शब्द आधी ठरलेला, चेहरा शेवटच्या रात्री मिळालेला. शिवाजी महाराजांची भूमिका असली तर लोकांच्या मनातील चित्राशी तो जुळलाच पाहिजे, म्हणून नटाच्या मताला तेथे फारसा वाव नाही.

दोन्ही तऱ्हांचे मूळ शोधता येते. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली सांगलीत ‘सीतास्वयंवर’ केले, तेव्हा सूत्रधार, विदूषक, गणपती, सरस्वती असाच क्रम होता. पदे सूत्रधार म्हणे आणि पात्रे आपापले भाषण ऐन वेळी करीत. किर्लोस्करांच्या १८८० च्या ‘शाकुंतला’ने पदे पात्रांच्या तोंडी दिली व संहिता बांधून टाकली. १९०० साली मंगेशीस जन्मलेले दीनानाथ मंगेशकर पुढे त्याच किर्लोस्कर मंडळीत गाजले. फोंड्याचे उत्सवी नाटक किर्लोस्करांच्या घरचे. पेडण्याचा काला भाव्यांच्या अधिक जवळचा.

पेट्रोमॅक्स आला, मग वीज आली. प्रखर दिव्याखाली तोच जाड सफेदा भिंतीला चुना लावल्यासारखा दिसू लागला आणि नटांनी हात हलका केला. पहाटे दहीहंडी फुटेपर्यंत घामाने तो ओघळतो, आणि नट पुन्हा आरशापुढे बसतो.