सायनस, मान आणि डोकेदुखीचा चुकलेला पत्ता

"डॉक्टर, मला सायनस आहे." हे वाक्य आमच्या ओपीडीत रोज कोणीतरी म्हणतेच. मीही गमतीने उत्तर देतो, "मलाही आहे. सगळ्यांनाच असतात." सायनस म्हणजे कपाळ, गाल आणि नाकाच्या भोवतालच्या हाडांतल्या पोकळ्या. तो आजार नव्हे. त्यांना सूज आली तर तो सायनुसायटिस.

पण अशा रुग्णाच्या फाईलमध्ये बऱ्याचदा दोन एक्स-रे निघतात, एक नाकाचा आणि एक मानेचा. नाकाच्या डॉक्टरांनी सायनस सांगितलेले असते, हाडांच्या डॉक्टरांनी स्पाँडिलोसिस. रुग्ण सकाळी वाफारा घेतो आणि रात्री मानेला पट्टा लावतो. हे दोन आजार आहेत की एकच, असे त्याला सहसा कोणी विचारलेले नसते. वैद्यकाला स्वतःलाच तो प्रश्न नीट विचारायला फार वेळ लागला.

मान आणि कपाळ यांचे नाते आपल्याकडे जुन्या काळीच कोणाच्या तरी लक्षात आले होते. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात 11 शिरोरोग सांगितले आहेत. त्यातला सूर्यावर्त सूर्याबरोबर चढतो आणि संध्याकाळी उतरतो. अर्धावभेदक म्हणजे आपली अर्धशिशी. तिसरा अनंतवात. यात वेदना मानेच्या मागच्या भागात सुरू होते आणि मग डोळा, भुवई व कानशील गाठते. मी आयुर्वेदाचा वैद्य नाही, आणि जुन्या नावांना आजची निदाने एकास एक चिकटवू नयेत असे माझे मत आहे. तरीही मानेत उठलेले दुखणे पुढे डोळ्यापाशी येऊन बसते, हे निरीक्षण विलक्षण अचूक आहे.

युरोपात लक्ष पोकळ्यांकडे गेले. नॅथॅनिएल हायमोर या इंग्रज वैद्याने 1651 मध्ये गालाच्या हाडातल्या पोकळीचे सविस्तर वर्णन केले. त्याने एका बाईची हकिगत दिली आहे. तिचा वरचा दात काढल्यावर तिथे भोक राहिले. तिने त्यात पिसाची काडी घालून पाहिली, तर ती आत जातच राहिली. काडी थेट मेंदूत गेली असे वाटून बाई घाबरली. तिथे मुळातच पोकळी असते, हे हायमोरने तिला समजावले. सायनसची भीती किती जुनी आहे पाहा!

पुढे 1893 मध्ये न्यूयॉर्कला कॉल्डवेल आणि 1897 मध्ये पॅरिसला ल्युक यांनी गालाची पोकळी उघडून साफ करण्याची शस्त्रक्रिया मांडली. मधल्या काळात, 1895 मध्ये, राँटगेनचा एक्स-रे आला. पोकळ्यांचा अंधुकपणा आता डोळ्यांना दिसू लागला. आमच्या व्यवसायातली ही जुनी खोड आहे. जे दिसते त्याच्यावर दोष ठेवायचा मोह होतो. कपाळ दुखते आणि फोटोत सायनस अंधुक आहे, म्हणजे झाले निदान. पू झालेल्यांना त्या शस्त्रक्रियांनी खरोखर आराम पडला. पण अंधुक सायनस आणि दुखरे कपाळ एकाच माणसात सापडले, म्हणजे एकामुळेच दुसरे झाले असे नव्हे. सर्दी होऊन गेलेल्या किंवा ॲलर्जी असलेल्या, डोके मुळीच न दुखणाऱ्या माणसांच्या फोटोतही सायनसचे अस्तर जाड दिसू शकते.

मग 1940 च्या दशकात न्यूयॉर्कच्या हॅरॉल्ड वुल्फ यांनी एक साधा प्रयोग केला. माणूस जागा असताना नाकाच्या आणि सायनसच्या वेगवेगळ्या भागांना स्पर्श, दाब आणि सौम्य विद्युतप्रवाह देऊन कुठे किती दुखते हे तपासले. 1943 मध्ये प्रसिद्ध झालेले निष्कर्ष अनपेक्षित होते. सायनसच्या आतले अस्तर फारसे दुखतच नाही. दुखतात ती सायनसची तोंडे आणि नाकातली मांसल पटले, आणि तीही दुखतात भलतीकडेच : गालात, दातांत, डोळ्याजवळ. त्याच वर्षी वुल्फ यांच्या गटाने डोक्याच्या व मानेच्या स्नायूंवरही काम प्रसिद्ध केले. कुठलीही वेदना लांबली की हे स्नायू आखडतात आणि मग ते स्वतःच दुखू लागतात. म्हणजे खऱ्या सायनुसायटिसमध्येही मान धरू शकते.

उलट दिशेचा पुरावा त्याआधीच लंडनहून आला होता. 1938 मध्ये केलग्रेन यांनी स्नायूंमध्ये तीव्र मिठाच्या पाण्याचे इंजेक्शन देऊन दुखणे दुसरीकडे कसे जाणवते ते दाखवले. त्याच वर्षी सिरिअॅक्स यांनी मानेच्या वरच्या स्नायूंबाबत तेच केले, आणि दुखले डोके. पुढे जेनेट ट्रॅव्हेल यांनी (अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष केनेडी यांच्या त्या डॉक्टर) असे नकाशेच काढले. कानामागून छातीच्या हाडाकडे आणि कॉलरबोनकडे येणारा जाड स्नायू मान वळवली की उठून दिसतो. त्यातल्या गाठीचे दुखणे कपाळ, गाल आणि डोळ्याभोवती जाणवते. म्हणजे जिथे लोक "सायनस" म्हणून बोट ठेवतात तिथेच.

असे का होते? चेहऱ्याची, नाकाची आणि सायनसची वेदना ट्रायजेमिनल ही नस वाहून नेते. तिचे तंतू मेंदूत शिरल्यावर खाली उतरतात ते थेट मानेतल्या मज्जारज्जूच्या वरच्या टोकापर्यंत. मानेच्या पहिल्या तीन नसाही तिथेच येतात. 1961 मध्ये केर आणि ओलाफसन यांनी प्रयोगात दाखवले, की त्या जागी एकच चेतापेशी दोन्हीकडचे संदेश घेते. जुन्या वाड्यात दोन बिऱ्हाडांना मिळून एकच घंटा असावी तसे हे आहे. घंटा वाजते, पण दारात कोणाचा पाहुणा आला आहे ते कळत नाही. मेंदू अंदाज करतो, आणि तो बऱ्याचदा कपाळाच्या बाजूने चुकतो.

1983 मध्ये नॉर्वेचे ओटार श्योस्ताद यांनी मानेतून उठणाऱ्या डोकेदुखीला स्वतंत्र नाव दिले. ती सहसा एकाच बाजूला राहते, मानेपासून सुरू होते, मान ठरावीक पद्धतीने वळवली किंवा दाबली की उठते, आणि मानेची हालचाल कमी झालेली असते. सायनसवरचा आरोप हटला, पण आता मान आरोपी झाली. नाकाच्या फोटोची चूक मानेच्या फोटोने पुन्हा झाली. पन्नाशीनंतर मणक्यांची झीज बहुतेकांच्या एक्स-रेत दिसते. माझ्याही दिसते, आणि माझे डोके दुखत नाही.

खरा धक्का 2004 मध्ये बसला. अमेरिकेत "सायनसची डोकेदुखी" असलेल्या 2,991 लोकांची पद्धतशीर तपासणी झाली आणि त्यांतल्या 88 टक्के लोकांची लक्षणे मायग्रेनच्या प्रकारात बसली. मायग्रेनमध्ये नाक चोंदते, डोळ्यांतून पाणी येते, हवा बदलली की दुखणे उठते. म्हणून फसगत होते. 2010 मध्ये मायग्रेनच्या रुग्णांचाच एक अभ्यास आला. त्यात मळमळीपेक्षा मानदुखी अधिक आढळली. म्हणजे पुष्कळांची मान हे डोकेदुखीचे कारण नसून त्याच झटक्याचा भाग असते. घंटा तीच, बिऱ्हाड तिसरेच!

हे मी शहाणपणाने सांगत नाही. प्रॅक्टिसच्या पहिल्या वर्षांत एका शिक्षिकेला मी एका हिवाळ्यात तीन वेळा अँटिबायोटिक दिले. नाक चोंदलेले, कपाळ जड, मान आखडलेली. दर वेळी तीन दिवसांत बरे वाटायचे, आणि आम्ही दोघेही औषधाला श्रेय द्यायचो. मायग्रेनचा झटका तीन दिवसांत आपला आपणच ओसरतो, हे मी पुस्तकात वाचलेले होते. उजेड सहन होतो का, उलटीची भावना होते का, आईला अर्धशिशी होती का, हे मी चौथ्या खेपेला विचारले. तिन्हीची उत्तरे मायग्रेनकडे बोट दाखवत होती. त्या तीन कोर्समुळे तिच्या पोटाचे झालेले हाल मला अजून आठवतात.

म्हणून डॉक्टरांकडे जाताना फोटोंपेक्षा महिनाभराची नोंद घेऊन जा. दुखणे कुठे सुरू झाले, किती तास टिकले, उजेड-आवाज नकोसा झाला का, मान वळवल्यावर वाढले का, नाकातून काय आले. पिवळा-हिरवा घट्ट शेंबूड, ताप, गेलेला वास, वरच्या दातांत ठणका, हे सगळे सर्दीनंतर दहा दिवस उलटूनही असेल किंवा बरे होता होता पुन्हा उसळले असेल, तर सायनुसायटिसचा विचार जरूर करावा. कवटीच्या तळाशी असलेल्या स्फिनॉइड सायनसची सूज तर डोक्याच्या मध्यावर आणि मागच्या बाजूलाही दुखते. ती मानेची समजली जाण्याचा धोका असतो.

आणि ताप व तीव्र डोकेदुखी असताना मान इतकी ताठ झाली, की हनुवटी छातीला टेकत नाही, किंवा डोळ्याभोवती सूज आली, दोन-दोन दिसू लागले, बोलण्यात गोंधळ झाला, तर सायनस की मान हा वाद घरी घालत बसू नका. तडक रुग्णालय गाठा, रात्र असली तरी.